मांडीवरचा दांडा

गावच्या यात्रेत रहाटपाळणा फिरू लागण्यापूर्वी पाळणेवाला प्रत्येक पाळण्यापाशी जातो, एक लोखंडी सळई बसणाऱ्यांच्या पुढे आडवी घालतो आणि तिची खिटी बसवतो. ही सळई इतकी साधी असते, की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मुलांचे डोळे आकाशाकडे लागलेले असतात आणि खाली उभ्या असलेल्या आईबापांचे डोळे मुलांकडे.

मोठ्या शहरांच्या आसपास आता रहाटपाळण्याहून कितीतरी वेगवान यंत्रे असलेली करमणुकीची उद्याने उभी राहिली आहेत. त्या यंत्रांत रोलर कोस्टर हे सर्वांत थरारक होय. रुळांवरची एक गाडी साखळीने उंच चढावर ओढून नेतात व शिखरावरून सोडून देतात. मग कोणत्याही इंजिनावाचून, केवळ उंचीवरून मिळालेल्या वेगाच्या बळावर, ती उतार, चढ, वळणे आणि कोलांट्या घेत धावत सुटते. महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात ‘नायट्रो’ नावाची अशी एक गाडी आहे. ती वाटेत पाच वेळा उलटी होते. आणि तिला तळ नसल्यामुळे बसणाऱ्यांचे पाय अधांतरी लोंबत राहतात. अशा गाडीत माणसाला आसनाशी धरून ठेवणारी वस्तू म्हणजे रहाटपाळण्यावरील त्या सळईचेच थोरले भावंड होय. कोठे ती मांडीवरून आडवी जाणारी दांडी असते, कोठे खांद्यांवरून छातीपर्यंत उतरणारे जोखड असते, आणि तिच्या जोडीला पुष्कळदा एक पट्टाही असतो.

आरंभी माणसाला बांधून ठेवण्याची गरजच नव्हती. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी उतरंडी उभारून त्यांवर बर्फ गोठवीत आणि लोक त्यांवरून घसरत येत. हा खेळ पुढे पश्चिमेकडे गेला. १८१७ साली पॅरिसमध्ये बर्फाऐवजी चाकांच्या गाड्या उतारावरून सोडण्यात येऊ लागल्या. १८८४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर लामार्कस टॉम्पसन नावाच्या गृहस्थाने अशी एक रेल्वे उभारली. तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर! म्हणजे आपली सायकल तिच्यापुढे सहज निघून गेली असती. बाकावर समुद्राकडे तोंड करून बसावे आणि हलकेच वरखाली होत जावे, एवढाच तो खेळ होता. त्या गाडीतून पडायचे म्हटले, तर मुद्दाम उडीच मारावी लागली असती.

चढउतार सौम्य ठेवण्यास आणखी एक कारण होते. उंचवट्यावरून वेगाने गेल्यास गाडीच रुळांवरून उचलली जाण्याची भीती असे. जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने या अडचणीवर उपाय शोधला. रुळांच्या वर धावणाऱ्या चाकांबरोबर त्याने रुळांच्या खालच्या बाजूनेही चाके बसविली. १९१९ साली त्याला या युक्तीचे पेटंट मिळाले. आता गाडीने रूळ दोन्ही बाजूंनी पकडला. वर उडायचे म्हटले तरी खालची चाके तिला सोडीनात. साहजिकच उतार उभे झाले, शिखरे टोकदार झाली आणि वेग वाढला. कोनी आयलंडवरच १९२७ साली सुरू झालेली ‘सायक्लोन’ ही त्याच काळातील गाडी असून ती अद्याप धावते. अशा रीतीने गाडी रुळांना पक्की बांधली गेली. आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्यात बसलेल्या माणसाला गाडीशी बांधण्याचा प्रश्न निर्माण झाला.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी एस. टी. च्या मागच्या बाकाची आठवण पुरेशी आहे. रस्त्यातील उंचवट्यावरून गाडी वेगाने गेली, की त्या बाकावरचे उतारू टणकन वर उडतात. त्यांना खरोखर कोणी वर फेकलेले नसते. गतिमान वस्तू आपल्या मूळ दिशेने सरळ जाऊ पाहते. तिच्या या धर्मास जडत्व म्हणतात. गाडी उंचवट्यावर चढताना उतारूही तिच्याबरोबर वर जात असतो. गाडी शिखर ओलांडून खाली वळते, पण उतारूचे शरीर वरच्याच दिशेने जाऊ पाहते. बाक त्याच्या खालून निसटतो. रोलर कोस्टरचे प्रत्येक शिखर म्हणजे असाच एक भला मोठा उंचवटा असतो.

थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शिखराचा माथा दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या भागाप्रमाणे गोल आहे आणि गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने त्यावरून जात आहे, असे समजू. तेव्हा बसणाऱ्याला आपले वजन जणू नाहीसेच झाल्यासारखे वाटेल. आसनाचा त्याला जवळजवळ स्पर्शही जाणवणार नाही. हाच वेग ताशी ५० किलोमीटर केला, तर शरीर आसन सोडून वर जाऊ लागेल आणि चाळीस किलोग्रॅम वजनाच्या मुलाला खाली धरून ठेवण्यासाठी मांडीवरच्या दांड्याला जवळजवळ त्या मुलाच्या वजनाइतक्याच जोराने दाबावे लागेल. दांडा नसता तर काय झाले असते, हे सांगावयास नको. पोटात गोळा आल्यासारखी जी भावना होते आणि जिच्यासाठी लोक पुन्हापुन्हा रांगेत उभे राहतात, ती नेमकी याच क्षणाची असते.

गाडी उलटी होते तेव्हा मात्र प्रकार निराळा असतो. पाण्याने भरलेला गडू दोरीला बांधून वेगाने गरगर फिरवला, तर तो डोक्यावर उपडा झाला तरी पाणी सांडत नाही, हे पुष्कळ मुलांनी करून पाहिलेले असते. पाणी सरळ जाऊ पाहते, गडूचा तळ त्याला वळवीत राहतो, म्हणून ते तळाशी दाबले जाते. पुरेसा वेग असलेल्या गाडीने उभा फेरा घेतला, की माणूसही तसाच आसनावर दाबला जातो. १८९५ साली कोनी आयलंडवर पूर्ण वर्तुळाकार फेरा असलेली एक गाडी उभारण्यात आली होती. सपाटीवरून एकदम वर्तुळात शिरताना बसणाऱ्यांच्या मानेला असे हिसके बसत, की ती फार काळ चालली नाही. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील एका उद्यानात ‘रेव्होल्यूशन’ नावाची गाडी सुरू झाली. जर्मन अभियंत्यांनी तिचा फेरा वर्तुळाऐवजी पाण्याच्या थेंबासारखा, खाली रुंद व वर निमुळता असा आखला होता. त्यामुळे हिसका गेला. विशेष म्हणजे, पूर्ण उलट्या होणाऱ्या या गाडीत आरंभी केवळ मांडीवरचे दांडे होते. मध्यंतरी काही वर्षे खांद्यांवरची जोखडे बसविण्यात आली. पण २०१६ साली ती काढून पुन्हा मांडीवरचे दांडेच देण्यात आले. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो तो उलट्या फेऱ्यापाशी, आणि दांड्याची खरी परीक्षा होते ती त्यामानाने सौम्य दिसणाऱ्या एखाद्या उंचवट्यावर! अर्थात काही गाड्या उलट्या असताना अगदी सावकाश सरकतात, आणि क्वचित एखादी गाडी वाटेतच थांबवावी लागते. अशा वेळी माणसाचा सर्व भार बंधनावरच येतो.

हा दांडा आपल्या जागी कसा राहतो? जुन्या पद्धतीत त्याच्या सांध्याशी करवतीसारखे दाते असलेली एक पट्टी असते आणि त्या दात्यांत अडकणारी एक खिटी असते. दांडा खाली ओढला, की खिटी एकेका दात्यावरून कट्कट् आवाज करीत सरकते. वर ढकलला, तर ती दात्यात रुतून बसते. यात एक उणीव आहे. दोन दात्यांच्या मध्ये जेवढे अंतर, तेवढी सैल जागा मांडीवर शिल्लक राहू शकते. म्हणून पुढे तेलाने भरलेल्या नळकांड्यांची योजना करण्यात आली. दांडा खाली येताना नळकांड्यातील तेल एका झडपेतून पुढे जाते. परत येण्याचा मार्ग मात्र झडप बंद करते. त्यामुळे दांडा हव्या त्या जागी, अगदी मांडीला टेकून थांबतो. एका नळकांड्यातून तेल गळाले तर घात होऊ नये, म्हणून दुसरे नळकांडे जोडीला असते. मुले हटकून विचारतात, की वीज गेली तर दांडे उघडतील काय? नाही, कारण अशा रचनेत बळ खर्चावे लागते ते दांडा उघडण्यासाठी. तो मिटलेला ठेवण्यास विजेची गरज नसते.

लोखंड मजबूत असले, झडप निर्दोष असली, म्हणजे सर्व झाले असे वाटेल. परंतु दांडा एकटा माणसाला धरीत नाही. खाली आसन, मागे पाठ, पुढे दांडा आणि मध्ये माणसाची हाडे असा तो चौघांचा मेळ असतो. दांडा मांडीच्या वरच्या भागावर, कंबरेच्या अगदी जवळ टेकला पाहिजे. तेथे मांडीचे व कटीचे भक्कम हाड त्याला अडते. तोच दांडा पोटावर राहिला, तर पोट मऊ असल्यामुळे दाबले जाते आणि शरीर त्याच्याखालून पुढे सरकण्यास वाट मिळते.

जुन्या गाड्यांत एका बाकावरील दोघातिघांसाठी मिळून एकच दांडा असे. बाप आणि मुलगा शेजारी बसले, की दांडा बापाच्या मांडीवर येऊन थांबे आणि मुलाच्या मांडीवर चांगली वीतभर जागा मोकळी राही. बापाला वाटे, आपण मुलाला घट्ट धरून बसलो आहोत. परंतु शिखरावर मूल उसळते तेव्हा त्याला हाताने धरून ठेवणे किती अवघड आहे, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल. म्हणूनच नव्या गाड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र दांडा देतात.

उद्यानाच्या दाराशी असलेली उंचीची खूणही याच कारणासाठी असते. अमेरिकेतील पुष्कळ मोठ्या गाड्यांसाठी ती ४८ किंवा ५४ इंचांवर, म्हणजे सुमारे १२२ किंवा १३७ सेंटिमीटरवर असते. वर्षभर वाट पाहून आलेल्या मुलाला दोन बोटे उंची कमी पडली म्हणून रांगेतून परत फिरावे लागते, तेव्हा त्याला तो मोठा अन्याय वाटतो. काही मुले टाचा उंचावतात. बुटात कागदाच्या घड्या घालून येणारेही असतात. पण उंचीची खूण ही धीटपणा मोजण्यासाठी नसते. ज्या मुलाची मांडी आखूड असते त्याचे गुडघे आसनाच्या कडेवर नीट वाकत नाहीत. मग ते मूल पुढे घसरून बसते, त्याची पाठ आसनाला टेकत नाही आणि दांडा मांडीवर यायचा तो भलतीकडेच येतो. प्रत्येकाच्या मांडीचे हाड मोजणे दाराशी शक्य नाही, म्हणून उंची मोजतात. टाच वर केल्याने किंवा बुटात कागद घातल्याने हाड लांबत नाही, एवढेच. अधिक उसळी मिळावी म्हणून दांडा खाली येताना पोट फुगवून तो सैल ठेवण्याची युक्ती काही थोरली मुले धाकट्यांना शिकवितात. तिच्याइतकी वाईट युक्ती दुसरी नसेल.

८ जुलै २०११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील एका उद्यानात एक दुःखद घटना घडली. इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक तरुण माजी सैनिक तेथील उंच रोलर कोस्टरमध्ये बसला. ज्याने युद्ध पाहिले होते त्याला या गाडीचे भय कसले वाटणार? त्याला कोणी अडविलेही नाही. गाडी धावू लागली आणि एका उंचवट्यावर तो आसनातून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. दांडा ज्या मांड्यांच्या व पायांच्या आधारावर माणसाला धरतो, तो आधारच तेथे नव्हता. त्याला दारातच आदराने थांबवणे हे कोणाचे तरी काम होते. भिडेपोटी म्हणा किंवा अज्ञानामुळे म्हणा, ते झाले नाही.

आता पट्ट्याकडे वळू. खांद्यांवरच्या जोखडाचे टोक आसनाला जोडणारा एक आखूड पट्टा पुष्कळ गाड्यांत असतो. एवढ्या जाड लोखंडापुढे हा कापडी पट्टा काय करणार, असे पाहणाऱ्याला वाटते. मुख्य कुलूप निकामी झालेच तर तो जोखडाला धरून ठेवतो, हे खरे. परंतु त्याचे दुसरे काम याहूनही महत्त्वाचे आहे. पट्ट्याची लांबी मोजून ठरविलेली असते. जोखड पुरेसे खाली आले असेल तरच त्याचे टोक कडीपर्यंत पोचते. पोचले नाही, तर माणूस आणि जोखड यांच्यामध्ये नको तेवढे अंतर राहिले आहे, हे सेवकाला वाद न घालता कळते. शिंपी टेपने माप घेतो, तसा हा पट्टा प्रत्येक फेरीला माप घेत असतो.

पट्ट्याखेरीज माप घेण्याचे दुसरे साधन म्हणजे आसनात दडवलेले विद्युत्-संवेदक. दांडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत खाली आला, की ते चालकासमोरील दिवा लावतात. सर्व आसनांकडून होकार आल्यावाचून गाडी सुटतच नाही. ही व्यवस्था अत्यंत उपयुक्त आहे. मात्र मर्यादा कोठे आहे हे संवेदकाला माणसानेच सांगितलेले असते, आणि ते किती काळजीने सांगावे लागते याचा दाखला फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे मिळाला.

तेथे सुमारे १३० मीटर उंचीचा एक मनोरा होता. आसनांचे कडे त्याच्या माथ्यापर्यंत नेऊन तेथून एकदम खाली सोडीत आणि जमिनीजवळ आल्यावर रोखीत. हा रोलर कोस्टर नव्हे. पण बसणाऱ्यांना धरणारी जोखडे त्याच जातीची होती. २४ मार्च २०२२ च्या रात्री चौदा वर्षांचा एक मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर तेथे बसला. तो अंगाने मोठा होता. त्याचे वजन यंत्र बनविणाऱ्यांनी पुस्तिकेत घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा बरेच अधिक होते. जोखड इतरांइतके खाली आले नाही. तरीही दिवा लागला आणि कडे वर निघाले. खाली येताना वेग रोखला जाऊ लागला तेव्हा आसन आणि जोखड यांच्यामधील फटीतून तो मुलगा निसटला आणि प्राणास मुकला. पुढील चौकशीत जे आढळले ते विचार करण्याजोगे आहे. जोखड तुटले नव्हते, उघडलेही नव्हते. अपघातानंतरही ते बंदच होते. मात्र त्या आसनाचा संवेदक नंतर कोणीतरी हाताने सरकविलेला होता. त्यामुळे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट अंतर राहिले, तरी तो ‘ठीक आहे’ असेच कळवीत होता. त्या यंत्रावर जोखडाला जोडणारा पट्टा नव्हता. तो असता, तर बहुधा कडीपर्यंत पोचलाच नसता. ते यंत्र पुढे पाडून टाकण्यात आले आणि २०२३ साली फ्लॉरिडाने आपला कायदा अधिक कडक केला.

अशा अपघातांची संख्या, दररोज या यंत्रांवर बसणाऱ्या लोकांच्या मानाने, फारच थोडी आहे. याचे श्रेय अनेक वर्षे चाललेल्या चिकाटीच्या कामास आहे. अमेरिकेत १९७८ सालापासून एक समिती अशा यंत्रांची मानके ठरवीत आली आहे. शरीरावर कोणत्या दिशेने किती जोर येतो हे पाहून तिच्या मानकात बंधनांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात बंधन नसले तरी चालते; पाचव्यात प्रत्येकाला स्वतंत्र बंधन लागते, त्याचे कुलूप बसणाऱ्याला उघडता येता कामा नये, आणि एक कुलूप निकामी झाले तरी दुसऱ्याने धरले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोनेही अशा यंत्रांसाठी मानके प्रसिद्ध केली आहेत. काही ठिकाणी रांगेच्या आरंभी नमुन्याचे एक आसन ठेवतात. ज्याला शंका असेल त्याने तेथे बसून दांडा आपल्या मांडीवर टेकतो की नाही हे पाहून घ्यावे. पुढे जाऊन सर्वांदेखत उठण्याचा संकोच त्यामुळे वाचतो.

उद्यानाचे दार उघडण्यापूर्वी सकाळी कामगार रूळ, चाके आणि कुलुपे तपासतात. मग गाडी एकही माणूस न घेता धावते. नवी गाडी तर माणसांना मोकळी करण्यापूर्वी पाण्याने भरलेले पुतळे बसवून कितीतरी वेळा फिरविलेली असते. त्यानंतर माणसे येतात. फाटकाशी सेवक फेरीच्या आरंभी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि प्रत्येक दांडा आधी खाली दाबतो, मग वर ओढून पाहतो. एखादे आसन रिकामे असले तरी तो त्यावरचा दांडा खाली ओढून लावतो. आसनात कोण बसले आहे, कसे बसले आहे, किंबहुना कोणी बसले आहे की नाही, हे संवेदकाला कळत नाही. दांडा कोठे आहे, एवढेच त्याला कळते. माणसाकडे सेवकालाच पाहावे लागते. शेवटच्या आसनापाशी पोचल्यावर तो हात वर करतो, पलीकडचा दुसरा सेवकही हात वर करतो, आणि मग चालक कळ दाबतो.